प्रश्नावलीसर चालायला निघतात

धावत्या माणसाला हात करून थांबवायचं आणि तो का धावतोय हे विचारायचं, हे प्रश्नावलीसरांचं आयुष्यभराचं काम होतं. बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या तलावाकाठी, फाटकाजवळच्या बाकावर ते सकाळी ठाण मांडून बसलेले असत. मांडीवर पॅड, पॅडला सुतळीने बांधलेलं पेन, आणि चेहऱ्यावर टोलनाक्यावरच्या माणसाचा निर्विकारपणा. समोरून कोणी धापा टाकत आला की सर उठायचे नाहीत, नुसता हात आडवा करायचे. "थांबा स्वल्प. हे सगळं तुम्ही काय म्हणून करता, तेवढं सांगून जावा." माणूस थांबायचा, घाम पुसायचा, विचारात पडायचा, आणि पुन्हा धावायची इच्छा होईपर्यंत त्याची ऑफिसची वेळ झालेली असायची. माणसं व्यायाम का करतात, या विषयात सरांनी डॉक्टरेट मिळवली होती. त्यांच्यामुळे किती जणांचा व्यायाम बुडाला, हा अभ्यास मात्र कोणी हाती घेतला नाही.

त्यांचं खरं नाव गल्लीत बहुधा फक्त पोस्टमनला ठाऊक असावं. बाकी सगळे, अगदी कन्नड बोलणारे शेजारीसुद्धा, त्यांना प्रश्नावलीसरच म्हणत. एकदा पार एचएसआर लेआउटमधून एक तरुण आमच्या तलावावर धावायला आला. मनगटावरचं घड्याळ त्याच्या काळजाचे ठोके त्याच्या मित्रमंडळींना कळवत होतं. सरांनी त्याला अडवलं. तो इंग्रजीत म्हणाला, मानसिक आरोग्यासाठी. "ते झालं लोकांना सांगायचं कारण," सर म्हणाले. "आता खरं बोला बघू." तरुणाने मग शिस्त, मॅरेथॉन, वजन अशी एकेक कारणं काढून पाहिली आणि शेवटी कबूल केलं, की ऑफिसातली एक मुलगी या तलावावर धावते, म्हणून तो एवढ्या लांब येतो. सर खूश. "बाह्य प्रेरणा!" त्यांनी कागदावर खूण केली, आणि ही फार काळ टिकत नसते बरं का, असं त्याला प्रेमाने समजावून सांगितलं. तो तरुण पुन्हा दिसला नाही. मुलगी पुढे कितीतरी दिवस एकटी धावत होती.

मी पुण्याहून बदली होऊन आले, तेव्हा त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहिले. बंगळूरमध्ये मराठी घरमालक मिळाला म्हणून माझ्या आईने देवापुढे साखर ठेवली. सर मूळचे बेळगावकडचे, पण कित्येक वर्षं मल्लेश्वरममध्ये मुरलेले. घरमालक जे विचारतात, म्हणजे मटण-मासे, येण्याजाण्याच्या वेळा, लग्न, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. "व्यायाम करता काय?" एवढंच विचारलं. मी खरं ते सांगितलं, की जिमचे वर्षाचे पैसे भरलेत, जात नाही. सर एकदम सावरून बसले. "पैसे भरून जात नाही? वा! करणाऱ्यांत काय बघायचं हो? न करणारेच खरे मोलाचे." त्या दिवसापासून मी भाडेकरू कमी आणि नमुना जास्त झाले. जिन्यात गाठून ते विचारायचे, "कालही गेला नाहीत ना? छान. मनाला काय वाटलं?" माझ्या आळसाकडे इतक्या आदराने पाहणारा माणूस मला त्याआधी भेटला नव्हता आणि नंतरही भेटला नाही.

सर स्वतः मात्र गरजेपलीकडे एक पाऊल टाकत नसत. तलाव घरापासून हाकेच्या अंतरावर, तरी तिथे ते ऑटोने जायचे. बंगळूरचे ऑटोवाले एरवी कुठेच यायला तयार नसतात, पण सरांसाठी कोपऱ्यावर एक तरी उभा असायचा. इतकं जवळचं आणि इतकं नेमाचं भाडं कोण सोडील? मी एकदा छेडलं तर म्हणाले, "संशोधकानं नमुन्यात मिसळायचं नसतं. निष्कर्ष बिघडतात." तेव्हा निष्कर्ष शाबूत राहिले आणि पोट वाढत गेलं.

गल्लीतल्या बायकांचं पहाटे चालण्याचं एक मंडळ होतं. त्यांच्या चालण्यामागे कोणताही उदात्त हेतू नव्हता. सुनांचा उद्धार करत तलावाला फेरी मारायची, कोपऱ्यावरच्या दर्शिनीत उभ्या उभ्या इडली आणि फिल्टर कॉफी घ्यायची, आणि हसत घरी यायचं, इतकंच. आवडीने करायच्या गोष्टीला बक्षीस लावलं की माणसं ती बक्षिसासाठी करू लागतात, आणि बक्षीस थांबलं की गोष्टही थांबते, हे सरांनी वर्गात जन्मभर शिकवलं होतं. तरी त्यांना ते डोळ्यांनी बघायची हौस आली. सगळ्यात चांगलं चालणारीला दर महिन्याला स्टीलचा डबा, असं त्यांनी जाहीर केलं. पहिला डबा मिळाला आणि मिळालेलीशी बाकीच्यांचं बोलणं तुटलं. मग मंडळाची दोन मंडळं झाली, मग कोण कुठून आडवाटेने आलं यावरून भांडणं झाली, आणि सरांनी डबे देणं थांबवलं तेव्हा दोन्हींपैकी एकही मंडळ उरलं नाही. सर जिने न चढणारा माणूस, पण त्या दिवशी धापा टाकत वर आले. "बघा की! पुस्तकात आहे तस्संच झालं!" मोडलेल्या मंडळातल्या एका बाईने पुढे त्या डब्यात विरजण लावलं. एवढाच त्या प्रयोगाचा समाजाला उपयोग.

आमच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ऑफिसात आरोग्य सप्ताह निघाला, तेव्हा व्याख्यानाला मीच सरांचं नाव सुचवलं. व्याख्यान चौथ्या मजल्यावर होतं. खाली लिफ्टपुढे ही रांग, आणि शेजारी रिकामा जिना. रांगेत उभं राहून सर माझ्या कानाशी म्हणाले, "जिन्यानं जावं असं यातल्या प्रत्येकाला वाटायलंय. तोंडं बघा एकेकाची." लिफ्ट आली आणि सर सगळ्यांच्या आधी आत शिरले. व्याख्यान मात्र, खोटं कशाला बोला, सुरेख झालं. व्यायामाची गोडी आतून लागावी लागते, ती लादता येत नाही, माणसाला त्याचं त्याला ठरवू द्यावं लागतं, असं ते तळमळून बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, समोसे खाल्ले, आणि पुढच्या सोमवारी कंपनीने सगळ्यांच्या मनगटावर पावलं मोजणारे पट्टे बांधून चालण्याची स्पर्धा सक्तीची केली. आमच्या साहेबांनी त्या मेलमध्ये सरांचे आभारही मानले होते.

असा हा माणूस घरात सांभाळत होती ती अक्का. अक्का म्हणजे सरांची बायको, गणिताची निवृत्त शिक्षिका. सगळी गल्ली तिला अक्का म्हणे, आणि ती मला 'पुणेकरीण' म्हणे. सरांनी लिहिलेलं पानन् पान छापायला जाण्याआधी तिच्या नजरेखालून गेलेलं होतं. चूक दिसली की ती कोणाची गय करत नसे. लग्नाच्या पंगतीत वाढप्याने केलेली बेरीजसुद्धा तिने एकदा दुरुस्त केली होती. "यांना व्यायामातलं सगळं कळतं, एक व्यायाम सोडून," असं ती पाहुण्यांसमोर सांगायची. सर मान डोलवायचे, कारण ते ऐकत नसायचे.

मग अक्काला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण डावी बाजू लुळी पडली. फिजिओथेरपीच्या बाईंनी बजावलं, की हे पहिले काही महिने वाया घालवलेत तर पाय कायमचा गेला. रोज उठायचं, रोज चालायचं. त्याच इस्पितळात, आलाच आहात तर, म्हणून डॉक्टरांनी सरांनाही तपासलं. साखर भलतीच वाढलेली, आणि हृदयाचंही काही खरं नव्हतं. "तुम्हीही चालायला लागा, नाहीतर यांच्या आधी तुम्ही जाल," असं डॉक्टर त्यांना तोंडावर म्हणाले. सर समजूतदारपणे हसले. "माझा विषयच आहे तो," म्हणाले. म्हणजे एका घरात दोन म्हातारी माणसं, दोघांनाही चालल्यावाचून गत्यंतर नाही, आणि दोघंही खुर्चीत. मला रोज ऑफिसला जाताना खिडकीतून ती दोन डोकी दिसायची.

सरांनी आपली सगळी विद्या बाहेर काढली. भिंतीवर तक्ता लावून चांदण्या चिकटवू लागले. अक्का म्हणाली, "मी बालवाडीत आहे होय?" मग त्यांनी तिला निवड करू दिली. उजवं पाऊल आधी टाकायचं की डावं, तुझं तू ठरव. "हे तुमच्या तिसऱ्या प्रकरणातलं," अक्का बसल्या जागेवरून म्हणाली. तिला आधार देऊन कसंबसं उभं केल्यावर सर ओरडले, "वा, किती छान उभी राहिलीस!" तर ती लगेच खाली बसली. "स्तुती. प्रकरण चौथं. तिथं तुम्ही लिहिलंय की खोटी स्तुती माणसाला लगेच कळते. कळली." जिने सगळी प्रुफं वाचलीत, तिच्यावर कुठला उपाय चालणार? एका संध्याकाळी मी आमटी घेऊन खाली गेले, तर सर स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभे होते. "सगळं आयुष्य घातलं हो यात," ते म्हणाले, "आणि एक बाई उठवता येईना मला." इतके दिवस मी या माणसाला हसत होते. त्या संध्याकाळी हसू आलं नाही.

हरलेला माणूस आपल्या सवयीकडे वळतो. सरांनी पुन्हा पॅड हातात घेतलं आणि रोज सकाळी अक्कासमोर बसून प्रश्न विचारू लागले. आज चालावंसं किती वाटतं? एक ते पाच. कालच्यापेक्षा जास्त की कमी? भीती वाटते का? वाटत असल्यास पडण्याची, की लोक बघतील याची? एके दिवशी अक्काचा संयम सुटला. तिने शेजारचा वॉकर ओढला, दात-ओठ खात उठली, आणि प्रश्न अर्धाच टाकून, पाय ओढत, बाहेरच्या व्हरांड्यात गेली. "अगं, उत्तर देऊन जा की!" म्हणत सर खुर्चीतून उठले आणि पॅड घेऊन तिच्या मागे लागले. अक्काने वळून पाहिलं. नवरा समोर उभा होता, धापा टाकत.

पुढचं तिनेच मला सांगितलं. दुपारची वेळ होती, सर आत घोरत होते आणि मी तिच्या पायाला तेल लावत होते. "पुणेकरीण, एवढ्या वर्षांत हा माणूस माझ्या मागनं व्हरांड्यापर्यंत आला नव्हता. आज आला. उत्तरासाठी आला."

"मग?" मी म्हटलं.

"मग काय? उत्तर लांब नेऊन ठेवायचं."

दुसऱ्या दिवशी तिने पहिल्या प्रश्नाचं उत्तर फाटकाशी जाऊन दिलं. काही दिवसांनी शेजारच्या अम्मांच्या दारात. मग गल्लीच्या कोपऱ्यावर, मग फुलवालीच्या टोपलीपाशी. पुढे अक्का, वॉकर टेकत, घामाघूम, आणि मागे सर, "तीन म्हणू की चार म्हणू? अगं थांब की स्वल्प!" अशी वरात रोज निघायची. आधी लोक हसले. मग अक्काने एकेकाला गाठून खरं काय ते सांगितलं आणि सगळी गल्ली कटात सामील झाली. सरांनी तिला गाठायला ऑटोला हात केला तर एकही ऑटो थांबेना. बंगळूरच्या ऑटोवाल्यांना नाही म्हणायला शिकवावं लागत नाही, फक्त या वेळी ते कारणाने म्हणत होते. डबा-प्रकरणात एकमेकींचं तोंड न पाहणाऱ्या बायका दर्शिनीपाशी एकत्र उभ्या राहून, आज सर कुठवर आले, याची चर्चा करू लागल्या.

ही गंमत बाहेरून गंमत होती. घरी आल्यावर अक्काचा पाय ठणकायचा, ओठ पांढरे पडलेले असायचे. एकदा ती रस्त्यात पडली, कोपर फुटलं, तरी दुसऱ्या दिवशी निघाली. मला राग आला. मी म्हटलं, अक्का, एक दिवस विश्रांती घे, जगबुडी होणार नाही. ती म्हणाली, "मी बसले की ते बसतात. माझं काय गं, मी खुर्चीत बसूनही जगेन. त्यांचं हृदय खुर्चीत जगायचं नाही." हे तिने बाजारभाव सांगावा इतक्या सहज सांगितलं आणि मला तेल आणखी खाली लावायला सांगितलं.

कटाची बातमी एका माणसापर्यंत पोचली नाही, आणि तो माणूस माणसं का चालतात या विषयाचा तज्ज्ञ होता. सरांचं पोट उतरलं, साखर खाली आली. डॉक्टरांनी पाठ थोपटून विचारलं, चालायला लागलात वाटतं? सर चक्क दुखावले. "चालतो कुठं? काम करतो मी. नमुनाच फिरता झालाय, त्याला काय करणार?" एवढ्यावर थांबले नाहीत. आपल्या जुन्या संस्थेत त्यांनी एक व्याख्यान दिलं. एका रुग्ण स्त्रीच्या मनात व्यायामाची ओढ कशी आपोआप उमलली, आणि संशोधकाने काहीही न लादता ती कशी फुलवली, असा विषय. ती रुग्ण स्त्री पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसली होती. व्याख्यान संपल्यावर सगळे तिच्याकडे वळले. ज्या बाईने आयुष्यात एक चूक सोडली नव्हती, ती म्हणाली, "सरी," म्हणजे कन्नडमध्ये 'बरोबर', आणि टाळ्यांत टाळी मिसळली.

एव्हाना दोघं तलावाच्या फाटकापर्यंत जाऊ लागले होते. वॉकर जाऊन काठी आली होती. सकाळी लवकर ऑफिसला निघालेली मी एकदा फाटकाशी त्यांना भेटले. सरांनी पॅड खाली ठेवलं होतं. "सगळं विचारून झालं, एक सोडून," ते अक्काला म्हणत होते. "तू का चालतेस? खरं कारण. लोकांना सांगायचं नव्हे."

अक्का माझ्याकडे बघून हसली. "ते पलीकडच्या काठावर सांगीन. तिथवर अजून आपण गेलोच नाही."

"उद्या?"

"उद्या."

दुसऱ्या दिवशी पहाटे तिला दुसरा झटका आला. इस्पितळात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. अक्का गेली. तिच्यासारखं मला त्या शहरात कोणी 'पुणेकरीण' म्हणून हाक मारणारं उरलं नाही, आणि मी किती रडले हे इथे सांगण्यात अर्थ नाही. दिवसवार झाले, बेळगावकडचे पाहुणे आले आणि गेले. सर पुन्हा खुर्चीत बसले. खिडकीतून आता एकच डोकं दिसायचं. मी चला म्हटलं, शेजारच्या अम्मा चला म्हणाल्या, डॉक्टर रागावले. सर सगळ्यांचं ऐकून घेत आणि बसून राहत.

मग एका सकाळी फाटक वाजलं. मी गॅलरीतून पाहिलं तर सर निघाले होते. हातात काही नव्हतं. मी चप्पल अडकवून मागोमाग गेले. नेहमीच्या बाकाशी ते थांबले नाहीत. तलावाला वळसा घालून, मध्ये दोनदा दम खात, पलीकडच्या काठावर गेले आणि तिथल्या कट्ट्यावर बसले. समोरून घामाघूम माणसं धावत होती, त्यांतल्या एकालाही त्यांनी अडवलं नाही. मला पाहून म्हणाले, "अपुरी उत्तरं बाद करायची असतात. नियम आहे आमच्यात. हिचं बाद करवत नाही हो मला."

त्यानंतर ते रोज जाऊ लागले. पलीकडच्या काठावर बसून एकेक कारण लावून पाहायचे आणि परत येताना मला सांगायचे. फिजिओच्या बाईंचं ऐकून चालत असेल? छे, ती कोणाचं ऐकणारी नव्हती. लोकांनी कीव करू नये म्हणून? ती लोकांना कुठं मोजायची? पाय बरा व्हावा म्हणून? मग पडल्यावरही दुसऱ्या दिवशी कशी निघाली? बुद्धीने माणूस पक्का होता, सगळी चुकीची कारणं त्याने बरोबर खोडून काढली. बरोबर कारण गल्लीत फुलवालीला ठाऊक होतं, ऑटोवाल्यांना ठाऊक होतं, दर्शिनीतल्या बायकांना ठाऊक होतं. कोणी तोंड उघडलं नाही.

पुढे मला पुण्याला परत बोलावलं. सामानाचा टेम्पो गेला आणि मी निरोप घ्यायला खाली आले. सर पायरीवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होते. चेहरा उतरलेला, पण अंग हलकं झालेलं, श्वास नीट चाललेला. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून विचारलं, "तुमच्याजवळ फार बोलायची ती. का चालते, ते कधी काही बोलली होती?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला विचारलेल्या प्रश्नांपैकी हा एकच असा होता, की ज्याचं उत्तर मला पुरतं येत होतं.

"नाही सर," मी म्हटलं. "कधीच नाही."

"बरं," ते म्हणाले. गुडघ्यावर हात टेकून उठले. "मग जायलाच पाहिजे." आणि फाटक लोटून तलावाच्या दिशेने चालू लागले.